मॉरिशसचं 2024 : साठ-शून्याच्या आधी आणि नंतर

नोव्हेंबर 2024 मध्ये मॉरिशसमध्ये सत्तापालट झाला : प्रविंद जगन्नाथ गेले, नवीनचंद्र रामगुलाम आले. त्या वर्षाबद्दल वाचकांनी विचारलेल्यांपैकी हे काही प्रश्न.

प्रश्न : ब्रिटनने हिंदी महासागरातली चागोस बेटं परत द्यायचं कबूल केलं, तरी पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ महिनाभरात हरले कसे?

जगन्नाथांचा हिशेबही तोच होता. 3 ऑक्टोबरला चागोसची घोषणा झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी संसद बरखास्त करवली. श्रेय खरंच मोठं होतं. स्वातंत्र्य द्यायच्या तीन वर्षं आधी, 1965 मध्ये, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली होती. पुढे त्यातल्याच दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ व्हावा म्हणून तिथल्या माणसांना हुसकावून लावलं.

पण वर्षाची सुरुवातच वाईट झाली होती. 15 जानेवारीला बेलाल वादळ आलं. राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी इतकं चढलं की गाड्या वाहत जाऊन एकमेकींवर चढल्या. लोक तोवर कामावर पोचले होते. इशारा उशिरा दिला म्हणून हवामान खात्याच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. महागाईची कुरकुर होतीच.

मग ऑक्टोबरमध्ये ‘मिसिए मुस्तास’ (मिशीवाले साहेब) या टोपणनावाने कुणीतरी समाजमाध्यमांवर फोन संभाषणांच्या ध्वनिफिती टाकू लागलं. राजकारणी, वकील, पोलीस अधिकारी, पत्रकार, कुणीच सुटलं नाही. ब्रिटनच्या उच्चायुक्तांचं बोलणंसुद्धा त्यात होतं. सरकार म्हणालं, हा सगळा कृत्रिम बुद्धिमत्तेचा खेळ आहे. काही पत्रकारांनी मात्र आवाज आपलाच असल्याचं सांगून टाकलं. 1 नोव्हेंबरला, मतदान नऊ दिवसांवर असताना, सरकारने मतदान संपेपर्यंत समाजमाध्यमंच बंद करायचा हुकूम काढला आणि दुसऱ्या दिवशी तो गुंडाळला. माझ्या मते निवडणूक तिथेच संपली. ध्वनिफिती खऱ्या की खोट्या यावर तोवर दोन मतं होती. बंदी आली आणि लोक काय समजायचं ते समजले.

प्रश्न : 62 पैकी 60 जागा एकाच आघाडीला! यात काही गडबड नाही ना?

नाही. मॉरिशस बेटावर 20 मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून 3 आमदार निवडून येतात आणि प्रत्येक मतदार 3 मतं देतो. वारं फिरलं की तिन्ही मतं एकाच पारड्यात पडतात. उरलेल्या 2 जागा रॉड्रिग्ज बेटाच्या, त्या तिथल्या स्थानिक पक्षाकडे गेल्या. सत्ताधाऱ्यांना चौथ्या हिश्श्याहून जास्त मतं मिळूनही भोपळा. खुद्द जगन्नाथ पडले. 1982 आणि 1995 मध्येही असंच झालं होतं. 1982 ला धुव्वा उडाला शिवसागर रामगुलामांचा, 1995 ला तसाच धुव्वा उडवून त्यांचे चिरंजीव नवीनचंद्र पंतप्रधान झाले, आणि आता 2024 लाही तेच.

विरोधी पक्ष संसदेत येतो तो ‘बेस्ट लूझर’ पद्धतीमुळे. हरलेल्यांपैकी जास्तीत जास्त आठ जणांना, ज्या समाजाचं प्रतिनिधित्व कमी पडतं त्या हिशेबाने, आत घेतात. विरोधी पक्षनेते जो लेजोन्गार असेच आले. गंमत म्हणजे हा हिशेब अजून 1972 च्या जनगणनेवर चालतो. उमेदवारांवर आपला समाज जाहीर करायची सक्ती नको म्हणून वर्षानुवर्षं लढलेला ‘रेझिस्तान्स एक आल्टेर्नातिव’ हा छोटा पक्ष आता सत्तेत आहे. तेव्हा या पद्धतीचं ते काय करतात, ते बघण्यासारखं असेल.

प्रश्न : ‘बेस्ट लूझर’साठी धरलेल्या समाजांच्या यादीत मराठी समाजाची वेगळी जागा आहे का?

नाही. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशसी आणि ‘सर्वसाधारण’ असे चारच गट आहेत. मराठी मंडळी हिंदूंमध्ये धरली जातात. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या, बऱ्याचशा कोकणातल्या लोकांचे हे वंशज. घरात बहुतेक जण क्रेओल (फ्रेंचवर बेतलेली तिथली बोली) बोलतात, शाळेत मराठी शिकता येते आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते.

प्रश्न : मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने नौदल तळ बांधला आहे का?

29 फेब्रुवारी 2024 ला धावपट्टी आणि नव्या धक्क्याचं उद्घाटन झालं. दोन्ही सरकारं म्हणतात, तळ नाही. पण जेमतेम तीनशे वस्तीच्या बेटाला तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला लागते, हे विचारणाऱ्यांना वेड्यात काढू नये. मोठी गस्ती विमानं उतरवायची तर एवढी लांबी हाताशी असलेली बरी.

प्रश्न : नव्या सरकारने चागोसचा करार मोडला का?

मोडला नाही, अडवला. भाडं आणि मुदत देशाच्या हिताची नाही म्हणत रामगुलामांनी तो पुन्हा वाटाघाटींना आणला. 22 मे 2025 ला सह्या झाल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनकडे, सरासरी वर्षाला 10.1 कोटी पौंड मॉरिशसला. 1965 मध्ये लंडनला बेटं तोडायची बोलणी झाली, तेव्हा समोर बसले होते त्यांचे वडील. चागोसमधून घालवलेली माणसं आणि त्यांची मुलं मात्र आजही लंडन आणि पोर्ट लुई दोन्हीकडे एकच तक्रार करतात: आम्हाला कुणी विचारलं?