बायकांचं नाक आणि पुरुषांची सबब

मागच्या वेळी या सदरात घोरण्यावर लिहिलं आणि पत्रं आली ती वासाची. निम्म्याहून जास्त पत्रांत तेच वाक्य: ‘बायकांचं नाक तिखट असतं म्हणे.’ नाक-कान-घशाची डॉक्टर म्हणून हे मी ओपीडीत रोज ऐकते, आणि पुष्कळदा त्याच्या आड कुणाचं तरी दुखणं दडलेलं असतं. म्हणून एकदा सविस्तर.

प्रश्न : बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वास येतो, याला शास्त्रीय आधार आहे का? (पुणे)

आहे, पण फरक जेमतेम. २०१९ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात बायका पुढे निघाल्या त्या थोडक्यात. समोर बसलेल्या एका बाईचं नाक शेजारच्या पुरुषापेक्षा चांगलं असेल की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बायकांच्या मेंदूत वासाच्या पेशी पन्नास टक्के जास्त’ असं फिरतं ते २०१४ च्या ब्राझीलमधल्या अभ्यासावरून. आकडा साधारण बरोबर आहे. पण तपासले ७ पुरुष आणि ११ बायका, आणि तेही मृत्यूनंतर. त्यांना हयातीत वास किती यायचा, हे त्या पेशी मोजून कसं कळणार?

माझ्या टेबलावर काळा कागद गुंडाळलेल्या लहान बाटल्या असतात. बडीशेप, हिंग, कॉफी, लवंग. डोळे मिटून बडीशेप हुंगली की बरेच नवरे म्हणतात, “ओळखीचं आहे हो, अगदी ओठांवर आहे...” शेजारी बायको पदर तोंडाला लावून हसत असते. मग मी चार नावं देते: जिरं, ओवा, बडीशेप, वेलची. लगेच बरोबर उत्तर येतं. नाक शाबूत असतं, मसाल्याचे डबे कधी उघडलेले नसतात.

अर्थात सगळंच डब्यांवर ढकलता येणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात कडू बदामासारखा वास पुन्हा पुन्हा हुंगायला दिला, तेव्हा बाळंतपणाच्या वयातल्या बायकांचं नाक त्या वासापुरतं कैक पटींनी तीक्ष्ण झालं. पुरुषांचं झालं नाही.

प्रश्न : पाळीच्या चक्रात वास कमी-जास्त येतो का? (सांगली)

किंचित फरक पडू शकतो, अभ्यासांत एकमत नाही. त्यासाठी कोणतीही गोळी घ्यायची नाही.

प्रश्न : मला तिसरा महिना आहे. फोडणीचा आणि नवऱ्याच्या साबणाचा वास आला तरी उलटी होते. घरचे म्हणतात नाटकं करते. (लातूर)

नाटकं नाहीत. गरोदरपणात वास नकोसे होणं ही बहुतेकींची तक्रार असते. गंमत अशी, की मोजून पाहिलं तर नाक दरवेळी जास्त तीक्ष्ण झालेलं आढळत नाही. तोच वास, पण आता त्याची किळस येते. साबण बदलायला नवऱ्याला सांगा, फोडणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी टाकावी. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, तर मात्र त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. दूध करपलं तरी त्यांना कळत नाही, परवा शेगडीचं बटण अर्धवट चालू राहिलं तेही कळलं नाही. सर्दी नाही. आई म्हणते, ‘पुरुषांना कुठे वास येतात!’ दोन वर्षं झाली. दाखवायला हवं का? (नाशिक)

दोन वर्षं! दाढ दुखली असती तर दोन दिवस काढले असते का? दिसेनासं झालं तर माणूस धावत येतो, ऐकू येईनासं झालं की सून घेऊन येते, आणि वास गेला की घरात विनोद होतो. तुमच्या आईंवर राग नाही. पण मघाशी सांगितलेला जेमतेम फरक पुन्हा वाचा. करपलेलं दूध कुठल्याही निरोगी पुरुषाला कळतं.

वास नाकपुडीत कळत नाही. नाकाच्या अगदी वर, छताशी, टपाल तिकिटाएवढ्या जागेत त्याच्या पेशी असतात आणि त्यांचे धागे चाळणीसारख्या हाडातून मेंदूत जातात. वाटेत कुठेही बिघाड होऊ शकतो. नाकात मांस वाढतं, सायनस जुनाट होतो. व्हायरल तापानंतर पेशी मरतात. दुचाकीवरून पडून डोक्याला मार बसला की ते धागे चाळणीपाशी तुटतात. हे पेशंट माझ्याकडे बहुतेक पुरुषच असतात, आणि ‘हेल्मेट होतं, पण डिकीत होतं’ हे वाक्य मला पाठ झालंय. साठीनंतर वयानेही वास मंदावतो.

आणि पार्किन्सन. त्यात हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी वास जाऊ शकतो, आणि हा आजार पुरुषांत बायकांच्या साधारण दीडपट आढळतो. घाबरवत नाही. वास गेलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. पण जुनी बद्धकोष्ठता आहे का, झोपेत ओरडतात किंवा लाथा मारतात का, अक्षर बारीक होत चाललंय का, हे लिहून आणा. तपकीर ओढत असतील तर तेही. एकाच बाजूचा वास गेला असेल किंवा सोबत नाकातून रक्त येत असेल, तर उद्यावर टाकू नका.

तोवर घरात गॅस गळतीचा अलार्म बसवा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. ज्याचं नाकच बंद, त्याला त्याचा काय उपयोग? हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून अलार्म जमिनीलगत हवा. शोभेसाठी छताशी लावू नका. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहा. आणि याच आठवड्यात नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या.

प्रश्न : ‘फेरोमोन’ असलेलं परफ्युम लावलं की मुली आकर्षित होतात, अशी जाहिरात आहे. किंमत साडेतीन हजार. घ्यावं का? (वय २३, छत्रपती संभाजीनगर)

नको. फेरोमोन म्हणजे जोडीदाराला खुणावणारं शरीरातलं रसायन. रेशमाच्या पतंगाला ते असतं, हे १९५९ मध्येच सिद्ध झालं. माणसाचं असं एकही रसायन आजवर सिद्ध झालेलं नाही. अशा बाटल्यांवर बरेचदा अँड्रोस्टेनॉनचं नाव असतं. ते नर डुकराचं रसायन, डुकरिणीवर काम करतं. माणसांत काहींना त्याचा वासच येत नाही, काहींना गोडसर येतो आणि काहींना मुतारीचा. तुमच्या वाट्याला कोण येईल, याची हमी कंपनी देते का?

प्रश्न : कोविडनंतर कांदा आणि कॉफी सडल्यासारखी लागते. ओवा-कापराची पुरचुंडी हुंगते, नाकात मोहरीचं तेल सोडते. फरक नाही. (महिला, वय ३८, ठाणे)

तेल आजच बंद. ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर हुंगल्यावर ‘जाणवतं’ ते बरेचसं झोंबणं, आणि ते कळतं चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेतून, वासाच्या नाही. वास परतल्याची ती खूण नव्हे. जस्ताचे नाकातले जेलही नकोत. ते वापरून वास गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता.

गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, वास आठवत हुंगायचे. किमान तीन महिने. कंटाळवाणं आहे, फुकट आहे, म्हणून कुणी जाहिरात करत नाही. सुरू करण्याआधी एकदा नाक तपासून घ्या.

प्रश्न : मुलाला जन्मापासून वास येत नाही. आता सतरावं सरलं, आवाज फुटला नाही, मिसरूडही नाही. ‘उशिरा वाढतात काही मुलं’ असं सगळे म्हणतात. (सातारा)

या दोन गोष्टी एकत्र असतील तर वाट पाहायची नाही. कॉलमन सिंड्रोम नावाची जन्मजात अवस्था असते. ती मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त दिसते, आणि तिच्यात वास व वयात येणं दोन्ही अडतं. वास परत मिळत नाही. पण वयात येण्यावर चांगले उपचार आहेत. माझ्याकडे नंतर या, आधी हॉर्मोन्सच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. शाळेतल्या उंचीच्या जुन्या नोंदी सापडल्या तर सोबत न्या.