वाचक विचारतात: सीझनला पोरं मिळत नाहीत, काय करू?

प्रश्न: देवगडला आमचं छोटं कॅनिंग युनिट आहे, आंब्याचा पल्प करतो. गेल्या एप्रिलमध्ये कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "इंटर्न पाहिजेत" असं टाकलं, दोन पोरं आली आणि आठवड्यात गायब. आजकालच्या मुलांना काम नकोच आहे का?
– एक उद्योजक, देवगड

उत्तर: काम हवंय हो, पण तुमचा सीझन आणि त्यांची परीक्षा एकदमच येते, त्याच्या आधी शिमगा, पालखी घरी येणार म्हटल्यावर कोण थांबतंय! आणि खरं सांगा, त्या दोघांना दिवसभर डब्यांना लेबलं चिकटवायलाच बसवलंत ना? ती इंटर्नशिप नाही, सीझनची मजुरी आहे, त्याला माणसं लावा आणि रोजंदारी द्या.

गंमत म्हणजे कॉलेजंच आता तुमच्यासारख्यांच्या शोधात आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सी, एमकॉमच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या सेमिस्टरला 4 क्रेडिटचं ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आहे, म्हणजे साधारण 120 तास प्रत्यक्ष काम, आणि आपल्याकडे एवढ्या मुलांना पाठवायचं कुठे हा सरांपुढे प्रश्न असतो. तेव्हा मोहोर दिसायला लागला की, नोव्हेंबर-डिसेंबरातच, प्लेसमेंटच्या सरांना जाऊन भेटा, ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. एका कागदावर लिहून न्या: काम काय, तास किती, शिकवणार कोण, स्टायपेंड किती, आणि राहायची सोय आहे का. हे शेवटचं विसरू नका, संध्याकाळची एसटी चुकली तर पोरगी घरी जाणार कशी, ते आईवडील आधी विचारतात.

काम पण विषयाप्रमाणे द्या. केमिस्ट्रीवाल्याला रिफ्रॅक्टोमीटर द्या, पल्पचा थेंब टाकून ब्रिक्स म्हणजे साखरेचं प्रमाण वाचायचं, पीएच बघायचा, बॅच नंबरसमोर रजिस्टरला लिहायचं, हे तो हौसेने करेल आणि तुमचं रेकॉर्ड पण नीट राहील. कॉमर्सवाल्यांना ऑर्डरी आणि जीएसटीची बिलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडेही विचारा, कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला गावात राहून आणि प्रक्रिया उद्योगात जाऊन अनुभव घ्यायचा असतोच.

आणि 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना मनात असेल तर ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे, त्यात स्टायपेंड सरकार देतं, बारावीला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीधराला 10 हजार महिना. कॉलेजात शिकणारा मुलगा त्यात बसत नाही, त्याचा स्टायपेंड तुमच्याच खिशातून. द्या, फुकटात कोणी टिकत नाही.

प्रश्न: मी चिपळूणला टीवायबीएस्सीला आहे. एक कंपनी ऑनलाइन इंटर्नशिप देतेय, पण आधी रजिस्ट्रेशन फी मागतेय, सर्टिफिकेट नक्की मिळेल म्हणतात. भरू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: अजिबात नको. काम तू करणार आणि पैसे पण तूच देणार, असं कुठे असतं का गं? त्यांना विचार, माझं काम रोज कोण बघणार, त्यांचं नाव आणि ऑफिसचा पत्ता द्या. बहुतेक वेळा पुढे रिप्लायच येत नाही. तुला तर लोटे-परशुराम एमआयडीसी जवळ आहे, केमिकलच्या एवढ्या कंपन्या, क्यूसी लॅबमध्ये (मालाची गुणवत्ता तपासतात तिथे) घेता का विचार. फक्त अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर ने, विभागप्रमुखांची सही-शिक्का घेऊन, नाहीतर गेटवरचा सिक्युरिटीच परत पाठवतो.