इंग्रजीत ‘लेट’ म्हणजे उशिरा, मग वारलेल्या माणसालाही ‘लेट’ का म्हणतात?

‘लेट’ वाक्यात कुठे बसला आहे ते आधी पाहा. ‘माय फादर इज लेट’ म्हणजे वडिलांना यायला उशीर झालाय. ‘माय लेट फादर’ म्हणजे माझे दिवंगत वडील. वारल्याचा अर्थ हवा असेल तर ‘लेट’ नामाच्या आधीच यायला हवा.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘संथ, मंद’ असा होता. त्यातून ‘वेळ टळल्यावर येणारा’, ‘शेवटाकडचा’ आणि ‘अलीकडचा’ असे अर्थ फुटले. ‘दिवंगत’ ही छटा यातल्या ‘अलीकडचा’शी जुळते: आत्ताआत्तापर्यंत होता, आता नाही. म्हणूनच काही शतकांपूर्वीच्या राजाला ‘लेट’ लावत नाहीत.

नुसतं ‘लेट मिस्टर अमुक’ लिहिणं मात्र टाळा. ‘कै.’ जसं थेट नावाला चिकटतं तसं हे चिकटत नाही. आधी ‘द’, ‘माय’, ‘हिज’ असं काहीतरी लागतं. आणखी एक चूक सहसा लक्षात येत नाही. ‘द लेट डायरेक्टर अपॉइंटेड मी’ हे वाक्य खटकतं, कारण नेमणूक केली तेव्हा डायरेक्टर हयात होते. तिथे नुसतं नाव पुरतं. आणि घटस्फोट झालेल्या बायकोला चुकूनही ‘लेट वाइफ’ म्हणू नका, ती ‘एक्स-वाइफ’.

‘लेट रायझर’ हा अपवाद वाटेल, कारण तो जिवंत माणूसच आहे. पण तिथे ‘लेट’ माणसाला नाही, उठण्याच्या क्रियेला लागलाय.

काळाबद्दल बोलताना ‘लेट’ म्हणजे त्या काळाचा शेवटचा भाग. ‘शी इज इन हर लेट थर्टीज’ म्हणजे ती साधारण ३७ ते ३९ वर्षांची आहे. ‘द लेट नाइन्टीन एटीज’ म्हणजे १९८७ ते १९८९च्या आसपासचा काळ.

उशिराच्या अर्थात मराठी आडवी येते. ‘मला उशीर झाला’ यात ‘उशीर’ नाम आहे, ‘लेट’ मात्र विशेषण, त्यामुळे सरळ ‘आय ॲम लेट’ म्हणा. किती उशीर ते आधी येतं: ‘टेन मिनिट्स लेट’. मीटिंगला उशीर झाला तर ‘लेट फॉर’, भाडं थकलं तर ‘लेट विथ’, उत्तर द्यायला वेळ लागला तर ‘लेट इन रिप्लाइंग’.

क्रियाविशेषण म्हणूनही ‘लेट’च राहतो: ‘ही केम लेट’. तिथे ‘लेटली’ घातलंत तर अर्थच बदलेल, कारण ‘लेटली’ म्हणजे हल्ली, अलीकडे.

‘लास्ट’ हे मुळात याच शब्दाचं ‘सर्वांत उशिराचा’ असं रूप. आज मात्र ‘लेटेस्ट’ आणि ‘लास्ट’ वेगळे झालेत. एखाद्या लिहित्या लेखिकेच्या नव्या पुस्तकाला ‘हर लेटेस्ट बुक’ म्हणा. ‘हर लास्ट बुक’ वाचून तिने लिहिणं थांबवलं, असाही अर्थ कुणी काढेल.