एकदा ऐकलेलं गाणं हुबेहूब म्हणणाऱ्या मुलाला टीव्हीच्या स्पर्धेत पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे. नाट्यगीत असो की सिनेमातलं गाणं, दोन-तीनदा ऐकलं की ताना-मुरक्यांसकट म्हणून दाखवतो. सोसायटीच्या गणपतीत त्याचं गाणं झालं तेव्हापासून दोन्हीकडचे नातेवाईक मागे लागलेत की ऑडिशनला घाला, वय निघून जाईल. दीर तर थेट लहानपणीच नाव कमावलेल्या युरोपातल्या मोझार्ट या संगीतकाराचं उदाहरण देतात. क्लासचे सर मात्र थांबा म्हणतात. थांबलो तर मुलाचं नुकसान होईल का, हा तुमचा प्रश्न.

मी लहान मुलांना गाणं शिकवते, आणि माझं मत आधीच सांगते: या वर्षी पाठवू नका. तुमच्या सरांशी माझी ओळख नाही, पण ते बरोबर सांगतायत.

अशी मुलं माझ्याकडेही येतात. एक मुलगा आईबरोबर आला होता. एक अवघड नाट्यपद त्याने असं म्हटलं की शेजारच्या खोलीतली मुलं दाराशी येऊन उभी राहिली. मागे बसलेल्या आईचे ओठ प्रत्येक तानेबरोबर हलत होते. गाणं संपल्यावर मी त्याला म्हटलं, आता हीच ओळ तुला वाटेल तशी म्हण, चुकली तरी चालेल. तो गप्प झाला आणि त्याने आईकडे पाहिलं. मग मी तानपुरा लावून नुसता सा लांबवायला सांगितला. दुसऱ्या श्वासालाच सूर उतरायला लागला. गळा सुरेख होता, कानही तल्लख होता. पण सापडलेला सूर आपला आपण धरून ठेवायची त्याला सवयच नव्हती, कारण ते त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी फक्त 'आता ते गाणं म्हणून दाखव' एवढंच सांगितलं होतं.

नक्कल करता येणं ही मोठी देणगी आहे, तिला मी मुळीच कमी लेखत नाही. पण तिथून गाण्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि त्या वेळात मुलाचं कौतुक व्हायचं जवळजवळ थांबतं. घरच्यांना सोसत नाही ते हेच. कालपर्यंत टाळ्या घेणारा मुलगा आज अर्धा तास पलटे, म्हणजे स्वरांचे तेच ते क्रम, घोटतोय, त्यात पाहुण्यांना दाखवण्यासारखं काहीच नाही.

मोझार्टपेक्षा जवळचं उदाहरण घ्या, शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांचं. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे. हा मुलगा त्या काळातल्या मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गायचा. लहान वयातच एका स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली, गावोगावी जलसे होऊ लागले. लोक चकित व्हायचे, आणि ते साहजिकच होतं. पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. तेवढी मिनिटं मुलाच्या गळ्यात पक्की बसली. चौथ्या मिनिटाला काय गायचं, राग पुढे कसा वाढवायचा, हे तबकडी शिकवत नाही.

ते शिकायला हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण गायकीच्या एकाच घराण्याला चिकटून बसणारे नव्हते. नाव झालेला, गर्दी खेचणारा मुलगा त्यांनी विद्यार्थी म्हणून घेतला आणि तो पुढे दहा-अकरा वर्षं मुंबईत राहिला. या अवधीत त्याने मैफली केल्याच, अगदी घराघरांत नाव पोचलं. तरी मुक्काम गुरूकडे होता. १९४७ च्या सुमाराला क्षयाने गाठलं, माळव्यातल्या देवासला जाऊन राहावं लागलं, काही वर्षं गाणं बंद पडलं. त्यानंतर जे गाणं आलं त्यात माळव्याच्या लोकधुना होत्या, निर्गुणी भजनं होती, स्वतःच्या बंदिशी होत्या, लोकधुनांतून उगवलेले नवे राग होते. लहानपणी दुसऱ्यांसारखं हुबेहूब गाणारा माणूस पुढे कुणासारखाच गायला नाही. तो देवधरांकडे न जाता तसाच जलसे करत फिरला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक साधी शारीरिक गोष्ट आहे. मुलगा आहे, म्हणजे साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान आवाज फुटणार. स्वरयंत्र वाढतं, आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो, काही महिने तर सूर कुठे लागेल याचा भरवसा नसतो. ज्या मुलाला 'तू तुझ्या आवाजामुळे लाडका आहेस' असंच कळत आलंय, त्याच्यासाठी हा काळ भयंकर असतो. रागाची समज आलेली असेल तर तो आवाज सावरेपर्यंत थांबू शकतो, कारण गाणं त्याच्या डोक्यात शाबूत असतं. नुसता गळाच असेल तर त्याच्याकडचं सगळंच गेल्यासारखं होतं. आणि स्पर्धेसाठी वरच्या पट्टीत ओरडून गायची सवय लागली असेल तर गळ्याला इजा होते ती वेगळीच.

आता दिरांचा मोझार्ट. १७६३ मध्ये लेओपोल्ड मोझार्ट सात वर्षांच्या वोल्फगांगला घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा बरोबर मोठी बहीण नानर्लही होती, तीही विलक्षण वाजवायची. दौरा तीन वर्षांहून जास्त चालला. नेदरलँड्समधल्या हेगला नानर्ल इतकी आजारी पडली की मरणाच्या दारात असलेल्या माणसासाठी करतात तो ख्रिस्ती विधीसुद्धा झाला, मग वोल्फगांगही अंथरुणाला खिळला. दोघं वाचली. पण काही वर्षांनी मुलगी मोठी झाली म्हणून तिला घरी ठेवून बापलेक इटलीला गेले. एकाच घरातली दोन मुलं, एकाच बापाने घडवलेली. मोझार्टची गोष्ट सांगताना तिचं नाव कुणी घेत नाही.

टीव्हीवर गेलेलं प्रत्येक मूल वाया जातं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. २००८-०९ च्या मराठी 'लिटल चॅम्प्स'मधली मुलं आज मोठी होऊन गातायत, आपण ऐकतो. ज्यांचा पाया आधीच पक्का होता ती टिकली असं मला वाटतं.

तरीही उद्या तुम्ही पाठवायचं ठरवलंत तर कायदा माहीत करून घ्या. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे लहान कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम करवता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्तही नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात. आणि मुलाच्या मनाविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावता येत नाही. करारावर सही करण्याआधी हे सगळं समोरच्याला विचारा, लाजू नका.

मुलाच्या मनाचं मात्र तुम्हालाच पाहावं लागेल. तुमच्या प्रश्नात नातेवाईक, दीर, सर सगळ्यांचं म्हणणं आलंय, त्याचं कुठेच आलेलं नाही. त्याला 'तुला टीव्हीवर जायचंय का' असं विचारू नका, कुठलंही मूल हो म्हणेल. घरात कुणी नसताना तो काय गुणगुणतो, तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणतो की त्यात स्वतःचं काही घालतो, हे आठवडाभर नुसतं ऐका. चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका. पाहुण्यांसमोर गाण्याची फर्माईश आली आणि तो नको म्हणाला, तर त्याच्या वतीने तुम्हीच नको सांगा. सरांना विचारा की तो सा किती वेळ धरतो, आणि पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा विचारा.