किडनीचा आजार असेल तर बीपीचा प्रत्येक सल्ला चालत नाही

घरात कोणाला किडनीचा जुना आजार आहे आणि त्यात बीपीपण वाढलंय, तर जो तो काहीतरी सुचवत असतो, पण बाकीच्यांना चालतं ते सगळं इथे चालत नाही, हे आधी डोक्यात ठेवा. किडनी कमजोर झाली की मीठ आणि पाणी अंगात साठतं, त्याने बीपी चढतं, आणि चढलेलं बीपी किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या अजून खराब करतं. म्हणून सुरुवात मिठापासून.

दिवसभराचं सगळं मिळून मीठ साधारण ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सोडियम २ ग्रॅम. नुसतं वरून मीठ घेणं बंद करून भागत नाही हो, ब्रेड, चीज, सॉस, तयार सूप यातूनच बरंच पोटात जातं. लेबलवर कुठे सोडियम लिहितात कुठे मीठ, सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. दुकानातलं 'लो सोडियम' मीठ मुलं आईबाबांसाठी प्रेमाने आणतात, पण त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराईड असतं, ते किडनीला नीट बाहेर टाकता आलं नाही तर रक्तात साठतं, त्यात रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर अजूनच वाढतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणूच नका, प्लीज. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेणंही बंद, त्याने बीपी वाढतं आणि किडनीही बिघडते.

चालणं जमेल तेवढं, हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचं. सिगरेट बंदच.

घरी बीपी मोजताना आधी ५ मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही. दोनदा मोजा आणि लिहून ठेवा. आईबाबा लांब राहत असतील तर त्या वहीचा फोटो मागवा, "बरं आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. टार्गेट किती ते डॉक्टरच ठरवतील, उभं राहिल्यावर चक्कर येते का तेही त्यांना सांगा. आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, बीपीच्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात, कुठल्या ते त्यांनाच विचारायचं.