रेषा उतरती असली तरी तिचा ‘चढ’च का?

प्रश्न असा आला आहे : ‘समांतर रेषांचे चढ समान असतात’ असं दहावीच्या मुलांना शिकवतो. मग उजवीकडे खाली जाणाऱ्या रेषेचाही चढच का म्हणायचा, तिला उतार का नको?

व्यवहारात चढ आणि उतार हे वाटेइतकेच जाणाऱ्यावरही अवलंबून असतात. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोरघाट हा चढ, तोच परतताना उतार. रूळ तेच. रेल्वेवाले मात्र त्याला ‘३७ला १’ म्हणतात, म्हणजे ३७ मीटर अंतरामागे १ मीटर उंची. गाडी कुठल्या दिशेला चालली आहे याने तो आकडा बदलत नाही.

गणितानेही दिशेचा प्रश्न असाच आधी मिटवला आहे. रेषा नेहमी डावीकडून उजवीकडे वाचायची आणि उजवीकडे एक घर सरकल्यावर ती किती घरं वर गेली ते मोजायचं. ‘य = २क्ष + १’ दोन घरं वर जाते, तिचा चढ २. ‘य = −२क्ष + ५’ दोन घरं खाली येते, तिचा चढ −२. उतरणं त्या ऋण चिन्हातच आलं. तिचा ‘उतार २’ म्हटलं तर चिन्ह हरवतं, आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो हा सुटसुटीत नियम मोडून पडतो. (अक्षांना समांतर रेषा तिथे वगळायच्या.) भूगोलात डोंगराचा उतार म्हणतात, गवंडी मोरीच्या फरशीला ढाळ देतो. तिथे पाणी कुठे वाहील ते महत्त्वाचं, म्हणून ते शब्द तिथे चपखल आहेत. आलेखाला मात्र चढच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता समांतर. सम + अंतर, म्हणजे ज्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं. शब्द अंतराबद्दल बोलतो आणि नियम चढाबद्दल, म्हणून मुलं गोंधळतात. ‘य = २क्ष + १’ आणि ‘य = २क्ष + ४’ शेजारी काढून दाखवा. क्ष काहीही घ्या, दुसरी रेषा पहिलीच्या बरोबर ३ घरं वर असते, कारण दोघी प्रत्येक पावलाला सारख्याच चढतात. चढात जरासा जरी फरक असता तरी ही ३ घरं एका बाजूला आटत जाऊन शून्य झाली असती, म्हणजे रेषा छेदल्या असत्या. (लंब अंतर ३ नव्हे, ते ३ भागिले √५, साधारण १.३४. मुलं इथे हटकून चुकतात.)

समीकरण ‘४क्ष − २य + ८ = ०’ असं आलं तर आधी य एकटा करून घ्यावा; ही वरचीच ‘य = २क्ष + ४’ निघते. चढ सारखा आणि शेवटची संख्याही सारखी निघाली, तर त्या दोन रेषा नाहीतच, एकच रेषा दोनदा लिहिली आहे.

राहिल्या उभ्या रेषा. ‘क्ष = ३’ आणि ‘क्ष = ७’ यांच्यात सगळीकडे ४ घरांचं अंतर, म्हणजे त्या समांतरच. पण चढ म्हणजे वर गेलेली घरं भागिले उजवीकडे सरकलेली घरं; इथे उजवीकडे सरकणंच नाही, म्हणून भागाकार शून्याने करावा लागतो आणि चढ ठरवता येत नाही. म्हणजे इथे ‘समांतर’ हा शब्द चढाच्या नियमाहून पुढे जातो. या रेषांबद्दल वर्गात ‘हिला चढ नाही’ असं मात्र म्हणू नये. ‘या रस्त्याला चढ नाही’ म्हणजे आपल्या बोलण्यात सपाट रस्ता, आणि गणितात सपाट रेषेचा चढ शून्य असतो. आडव्या रेषेला ‘चढ शून्य’ आणि उभीला ‘चढ ठरवता येत नाही’ असं पूर्ण वाक्यातच सांगावं.