थंडीआधी अंगणातल्या झाडांची काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की वर्धा जिल्ह्यातल्या गावी घराच्या अंगणात संत्रा, आंबा, सीताफळ आणि पपई आहे. दिवाळीनंतर थंडी पडायच्या आत छाटणी करावी का, पाला उचलून जाळावा का आणि बुंध्यांना गोणपाट गुंडाळावं का?

मी वरूड तालुक्यातली, संत्र्याच्या पट्ट्यातली. गोणपाट राहू द्या. ते बर्फ पडतो तिथलं काम. तिकडची झाडं पानं गाळून झोपी जातात, आपला कडुनिंब पानं गाळतो तो फेब्रुवारी-मार्चात. हस्ताचा पाऊस ओसरला की आपल्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: पावसाळ्यात झाडाला काय दुखणं लागलं, आणि जमिनीत उरलेली ओल किती दिवस टिकवता येईल.

आधी संत्र्याच्या बुंध्याशी बसा. डोळा बांधल्याची जागा, म्हणजे कलमाचा जोड, मातीच्या वर दिसली पाहिजे. आमच्या अंगणातलं एक चांगलं फळतं झाड यातच गेलं. पावसाळ्यात आधार म्हणून बुंध्याला माती चढवली, डोळा झाकला गेला, साल ओली राहिली आणि डिंक्या लागला, म्हणजे बुरशीनं साल कुजून डिंक गळायला लागला. वरचं संत्र्याचं लाकूड ही बुरशी सोसत नाही. डिंक दिसला तर धारदार चाकूनं सडलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो पेस्ट लावा. दोन-चार झाडांना १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरतं. दोन्ही वेगवेगळे, अर्ध्या-अर्ध्या पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत भिजवा आणि मग एकत्र ढवळा. लोखंडी चाकू बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंत लावा आणि त्याच दिवशी संपवा. गेरू-चुन्यानं अंगण शोभतं, मलाही आवडतं, पण बुरशीवर काम मोरचुदाचं.

छाटणी म्हणाल तर संत्र्याची फक्त सल काढा, म्हणजे वाळलेल्या काड्या, थोड्या हिरव्या लाकडासकट. बुंध्यातून सरळ वर गेलेले पानसोटही काढा. खोडावर जाळी आणि भुशासारखी विष्ठा दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी पुसून छिद्रात तार फिरवा, पेट्रोलचा बोळा घाला आणि चिखलानं बुजवा.

आंब्याला मात्र आता कात्रीही लावू नका आणि पाणीही देऊ नका. मोहर पक्व फांद्यांच्या शेंड्यावर येतो, शेंडे छाटले की मोहर गेला. पाणी किंवा युरिया दिला तर मोहराऐवजी नवी पालवी फुटते. रोप लहान असेल तर गोष्ट वेगळी, त्याला पाणी हवंच. सीताफळावर काळी पडून वाळलेली फळं लटकत असतील तर ती तोडून लांब टाका. त्या झाडाला सध्या एवढंच पुरे.

पाला जाळू नका, हे मनापासून सांगते. आपली काळी माती नोव्हेंबरात भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. आळ्यात पाला आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं जाड पसरलं की भेगा कमी पडतात. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर उधई (वाळवी) चढते आणि साल कुजते. रोगट पानं-फळं यात मिसळू नका.

थंडीची खरी भीती पपईला. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पपईला १० अंशांच्या खालीच त्रास सुरू होतो. उत्तरेकडून तुराट्यांचा आडोसा करा, कडाक्याच्या रात्री फळांवर जुनं लुगडं टाका. पाणी थोडं द्या, पण बुडाशी साचू देऊ नका.

आणि न्हाणीचं पाणी कुठं जातं ते बघा. बहुतेक घरांत ते संत्र्याच्याच बुडाशी सोडलेलं असतं. आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या अखेरीस येणारी फुलं, धरायचा तर डिसेंबरात झाडाला पाण्याचा ताण बसला पाहिजे, भारी जमिनीत दीड-दोन महिने. रोज न्हाणीचं पाणी मिळणाऱ्या झाडाला तो बसत नाही, मग फुलं एकदम येत नाहीत, विखरून येतात. चर खणून ते पाणी पपईपासूनही लांब, केळी-अळूकडे वळवा. मात्र झाडावर आता मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची, हिरवी फळं असतील तर पाणी तोडू नका, फळं गळतील. तुमच्या झाडावर काय आहे ते कळवा, मग ताणाचं नक्की सांगते.